भुईआवळीची परीक्षा

घोड आणि भीमा या दोन नद्यांच्या काठच्या मुलखात, म्हणजे शिरूर आणि दौंड तालुक्यांत, काविळीचं औषध देणारं माणूस पंचक्रोशीत कुठे ना कुठे असायचंच. कुणी पारावर देई, कुणी देवळाच्या ओट्यावर, तर कुणी रेल्वेतून निवृत्त होऊन दौंडलाच घर बांधलेला गँगमन असे. औषध सकाळी अनशा पोटी आणि ठरलेल्या वारीच घ्यायचं. त्याचे पैसे घ्यायचे नाहीत हा दंडक. पथ्य सगळीकडे जवळपास सारखं: तेल-तिखट बंद, ताक-भात, फुटाणे आणि उसाचा रस. दौंड जंक्शन असल्यामुळे सोलापूर आणि मनमाडच्या गाड्यांनीही माणसं येत. डोळे हळदीसारखे पिवळे झालेली, भिंतीला टेकून बसलेली ती माणसं मी लहानपणी रेल्वे कॉलनीतून शाळेत जाता-येता पाहिली आहेत. पुढे वनस्पतीशास्त्र शिकवण्यातच माझी नोकरी गेली, आणि त्या औषधांत काय असतं हे विद्यार्थ्यांना घेऊन गावोगाव विचारत फिरण्याची संधी मिळाली.

वनस्पती फार नव्हत्या. पावसाळ्यात उसाच्या सरीत उगवणारी भुईआवळी सगळ्यात वरची. मग चारीच्या कडेचा माका, माळावरची उन्हाळी (वैद्य तिला शरपुंखा म्हणतात), रस्त्याकडेची घेटुळी म्हणजे पुनर्नवा, एरंडाचा कोवळा पाला. कुटकी आणि काडेचिराईत आपल्याकडे उगवत नाहीत, ते काष्ठौषधींच्या दुकानातून आणायचे. काही ठिकाणी देवडांगरीच्या फळाचं पाणी नाकात सोडत. नाकातून पिवळं पाणी वाहू लागलं की कावीळ उतरली असं मानत. हा प्रकार धोक्याचा आहे. त्याने नाकाची आतली त्वचा सोलवटते.

औषधाबरोबर दोन विधी असत. पहिला चुन्याच्या पाण्याचा. रोग्याचे हात चुन्याच्या निवळीने धुवायचे आणि परातीतलं पाणी पिवळं झालेलं सगळ्यांना दाखवायचं. दुसरा माळेचा. मुळांचे किंवा काड्यांचे बारीक तुकडे दोऱ्याच्या सरगाठींत अडकवून माळ करायची आणि रोग्याच्या डोक्यावर ठेवायची. दिवसागणिक माळ लांब होत गळ्यात उतरते, पुढे पोटापर्यंत येते, आणि तसतशी कावीळ उतरते. हाताला आधी आंब्याच्या सालीचा रस लागलेला असला तर चुन्याने पाणी पिवळं होणारच, आणि ओल्या काड्या सुकून आकसल्या की गाठी सैल पडून माळ वाढणारच. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी हे गावोगाव करून दाखवलं आहे. पण मला औषध देणाऱ्यांना लबाड म्हणायचं नाही. भीमेकाठच्या एका गावातल्या आजी मला म्हणाल्या होत्या, "बाई, ह्याचं पैसं घेतलं तर गुण जातो." त्यांनी आयुष्यभर पहाटे उठून पाला वाटला. त्यांच्या हाताने शेकडो माणसं बरी झाली यावर त्यांचा विश्वास होता, आणि ती माणसं खरोखर बरी झालीही होती.

ती का बरी झाली, याचं उत्तर पुण्यातच मिळालं. आंबेडकर रस्त्यावरची राष्ट्रीय विषाणू संस्था १९५२ साली व्हायरस रिसर्च सेंटर म्हणून सुरू झाली. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत काविळीची प्रचंड साथ आली होती. यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं आणि २९,३०० लोकांना कावीळ झाली. त्या साथीतल्या रोग्यांचं रक्तद्रव जपून ठेवलेलं होतं. डॉ. खोर्शेद पावरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकन शास्त्रज्ञांबरोबर त्याची तपासणी केली आणि १९८० साली जाहीर केलं की हा ‘ए’ विषाणूही नाही आणि ‘बी’ही नाही. पुढे त्याला ‘ई’ हे नाव मिळालं. १९८१ मध्ये कोल्हापुरात पाण्यातून पसरलेली साथ याच संस्थेने अभ्यासली. आपल्याकडच्या पावसाळी काविळीत मोठा वाटा पाण्यातून येणाऱ्या या ‘ए’ आणि ‘ई’ विषाणूंचा. बहुतेक रोग्यांत दोन-चार आठवड्यांत, फार तर दोन महिन्यांत ती आपोआप ओसरते. (गरोदर बाईला मात्र ‘ई’ची कावीळ जिवावर बेतू शकते, तिने पारावर एक दिवसही घालवू नये.) यकृत हा शरीरातला स्वतःला भरून काढणारा अवयव आहे. म्हणून त्याच्यावर दिलेल्या कोणत्याही औषधाला यश येतं. औषध न देता काय झालं असतं, हा प्रश्न पारावर कुणी विचारत नव्हतं. माझ्या मते यकृताच्या औषधांचा सगळा इतिहास म्हणजे हा एक प्रश्न विचारायला शिकण्याचा इतिहास आहे.

‘बी’ विषाणूची गोष्ट वेगळी. तो रक्तातून येतो, आईकडून बाळाला जातो, आणि पुष्कळदा कावीळ न दाखवताच वर्षानुवर्षं यकृतात मुक्काम करतो. अमेरिकेच्या बारूख ब्लुमबर्ग यांना १९६०च्या दशकात त्याची पहिली खूण एका ऑस्ट्रेलियन आदिवासी माणसाच्या रक्तात सापडली आणि १९७६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. या विषाणूचा यकृताच्या कर्करोगाशी संबंध किती घट्ट आहे, हे बीसली यांनी तैवानमध्ये २२,७०७ पुरुषांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करून १९८१ साली दाखवलं. विषाणू अंगात वागवणाऱ्यांना हा कर्करोग होण्याचं प्रमाण इतरांच्या २२३ पट निघालं. कर्करोगाच्या इतिहासात इतका ठळक आकडा क्वचितच येतो. तो हाती आला, कारण विषाणू असलेली आणि नसलेली अशी दोन्ही माणसं मोजली गेली.

इथून आपली भुईआवळी जगाच्या व्यासपीठावर जाते. मद्रास विद्यापीठाच्या एस. पी. थ्यागराजन यांनी १९८२ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये लिहिलं की भुईआवळीचा अर्क ‘बी’ विषाणूच्या पृष्ठभागावरच्या प्रतिजनाला निकामी करतो. ब्लुमबर्ग यांनी त्यात लक्ष घातलं. फिलाडेल्फियात वुडचक या प्राण्याच्या तशाच विषाणूवर अर्क वापरून पाहिला गेला. मग १९८८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मद्रासचा मानवी प्रयोग आला: भुईआवळीची पूड, रोज तीन वेळा, ३० दिवस. औषध घेतलेल्या ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाली. नुसती बिनऔषधी पूड घेतलेल्या २३ पैकी एकाच्याच. म्हणजे ५९ टक्के विरुद्ध ४ टक्के. लेखकांत खुद्द ब्लुमबर्ग यांचं नाव होतं. तो निबंध मी पहिल्यांदा वाचला तेव्हा अंगावर काटा आला होता. आमच्या उसातलं तण, आमच्या आजींच्या पाट्यावरचा पाला, आणि ‘लॅन्सेट’!

त्यानंतर थायलंडमध्ये आणि न्यूझीलंडमध्ये तोच प्रयोग केला गेला, पण तसा निकाल आला नाही. २०११ मध्ये कॉक्रेन संस्थेने सगळे प्रयोग एकत्र तपासले आणि खात्रीलायक पुरावा नाही असं नोंदवलं.

एक अडचण वनस्पतीच्या ओळखीचीही होती, आणि ती माझ्या विषयातली असल्यामुळे इथे थोडं थांबते. आपले सगळे जुने ग्रंथ भुईआवळीला ‘फायलँथस निरुरी’ म्हणतात. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ दरम्यान मुंबई इलाख्याची ‘फ्लोरा’ छापली, तिच्यातही हेच नाव आहे. पण ग्रेडी वेब्स्टर या वनस्पतीशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात दाखवलं की लिनियसची खरी निरुरी अमेरिका खंडातली, ती भारतात उगवतच नाही. आपल्याकडे त्या नावाखाली निदान दोन-तीन जाती मिसळलेल्या आहेत. शिरूरजवळच्या एकाच शेताच्या बांधावरून आणलेली मूठभर भुईआवळी मी विद्यार्थ्यांसमोर टेबलावर पसरत असे. पानं सारखी, उंची सारखी, पानांखाली लोंबणाऱ्या मोहरीएवढ्या फळांची रांगही सारखी. भिंगाखाली फूल धरलं की फरक कळतो. एकीच्या फुलाला पाच दलं, ती अमारस. दुसरीला सहा, ती फ्रॅटर्नस. तिसरीची फळं देठाविना पानाला चिकटलेली आणि वरून खरबरीत, ती युरिनारिया. त्यांतली रसायनं एकसारखी नाहीत. बाजारात येणाऱ्या भुईआवळीच्या पोत्यात या सगळ्या एकत्र वाळलेल्या असतात, आणि पुडी बांधणारा दलं मोजत नाही. म्हणून मी विद्यार्थ्यांना आधी नमुना दाबून, वाळवून, कोरेगाव रस्त्यावरच्या बोटॅनिकल सर्व्हेच्या कार्यालयात नेऊन ओळख पटवून आणायला लावायची. नमुना क्रमांक मिळाल्याशिवाय पुढचं पाऊल नाही.

पुढचं पाऊल म्हणजे पेशींवर अर्काची परीक्षा. १९८६ मध्ये पुण्यात प्राण्यांच्या पेशी जतन करणारी राष्ट्रीय सुविधा सुरू झाली. तीच आजची गणेशखिंडीतली राष्ट्रीय पेशी विज्ञान संस्था. देशभरातल्या प्रयोगशाळांना पेशींचे वाण इथून मिळतात. यकृताच्या कर्करोगासाठी सगळ्यात जास्त वापरला जाणारा वाण म्हणजे ‘हेप-जी-टू’. अर्जेंटिनातल्या एका १५ वर्षांच्या मुलाच्या यकृतातल्या गाठीपासून तो १९७०च्या दशकात फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत तयार झाला. आज जगभरात त्या मुलाच्या पेशी वाढताहेत. प्रौढांना होणाऱ्या यकृताच्या कर्करोगाचा नमुना म्हणून तीसेक वर्षं त्या वापरल्या गेल्या. २००९ मध्ये मूळ गाठीची फेरतपासणी झाली तेव्हा कळलं की तो लहान मुलांत होणारा वेगळा कर्करोग, हिपॅटोब्लास्टोमा, होता. शिवाय या पेशींत ‘बी’ विषाणू नाही. तरीही शेकडो निबंधांत आजही ‘हेप-जी-टूवर गुणकारी’ याचा अर्थ ‘यकृताच्या कर्करोगावर गुणकारी’ असा लावला जातो.

आमच्यासारख्या ग्रामीण महाविद्यालयात पेशी वाढवायची सोय नव्हती. पाला सावलीत वाळवायचा, दळायचा, सॉक्सलेटच्या काचेच्या नळीत मिथेनॉलवर रात्रभर उकळत ठेवायचा. सकाळी खाली काळसर हिरवा, चिकट, कडू वासाचा अर्क उरतो. तो छोट्या बाटलीत भरून पुण्याच्या प्रयोगशाळेत द्यायचा. तिथे हातभरही नाही एवढ्या प्लास्टिकच्या ताटलीत ९६ खळगे असतात, आठ ओळी आणि बारा रकाने. प्रत्येक खळग्यात काही हजार पेशी. त्यांत अर्क कमी-जास्त मात्रेत घालतात, एक-दोन दिवस ठेवतात, मग एमटीटी नावाचं पिवळं द्रव्य टाकतात. टिम मॉसमन यांची ही १९८३ ची युक्ती. जिवंत पेशी पिवळ्या द्रव्याचं जांभळ्यात रूपांतर करतात, मेलेल्या करत नाहीत. जांभळा रंग जितका फिका, तितक्या पेशी मेल्या. निम्म्या पेशी मारायला किती अर्क लागला तो आकडा काढायचा. कच्च्या अर्काला तो साधारण २० मायक्रोग्रॅम प्रति मिलीलीटरच्या आत आला तरच पुढे जाण्यात अर्थ.

या रंगाचा एक धोका मी दरवर्षी सांगत असे. आवळी, माका यांच्या अर्कात पुष्कळ टॅनिन आणि तत्सम द्रव्यं असतात. ती पेशी नसतानाही पिवळ्या एमटीटीला जांभळं करू शकतात. परातीतल्या चुन्याच्या पाण्यात जे घडायचं तेच इथे घडतं: रंग बदलला तो रोगामुळे नव्हे, सालीमुळे. म्हणून ताटलीत एक रांग पेशींशिवाय नुसत्या अर्काची हवीच. आणि दुसरी रांग निरोगी पेशींची हवी, कारण कर्करोगाच्या पेशी मारणं अवघड नाही. मिठाचं गाढ पाणीही त्या मारतं. शेजारच्या चांगल्या पेशी जगवून मारणं हे औषधाचं काम. या दोन रांगा ठेवल्या की खर्च वाढतो, म्हणून त्या वगळल्या जातात, आणि प्रबंधाच्या शेवटच्या पानावर ‘आशादायक’ हा शब्द येतो.

बिब्ब्याची वाट याहून अवघड गेली. बिब्बा आपल्या बाजारात कायम. भेगाळलेल्या टाचेला त्याचा चटका, बाळंतिणीच्या लाडवात त्याची गोडंबी. चरकाने चिकित्सास्थानाच्या पहिल्याच अध्यायात त्याची रसायनं सांगितली आहेत. विटेच्या चुऱ्यात घोळून, हाताला खोबरेल लावून त्याची शुद्धी करतात, नाहीतर अंगावर उततो. बिब्ब्यापासून केलेलं ‘अॅनाकार्टिन फोर्ट’ हे औषध महाराष्ट्रात अनेक वर्षं कर्करोगाच्या रुग्णांना दिलं गेलं. डॉ. वाड यांनी १९७३ मध्ये ‘महाराष्ट्र मेडिकल जर्नल’मध्ये त्याबद्दलचे अनुभव लिहिले. १९९०च्या दशकात मद्रासमध्ये प्रेमलता आणि सच्चिदानंदम यांनी उंदरांना बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन देऊन यकृताचा कर्करोग घडवला आणि बिब्ब्याच्या दुधातल्या अर्काने सुधारणा दिसल्याचं नोंदवलं. उंदरांपर्यंतची तुलना झाली. माणसांत दोन गट करून मोजणारी परीक्षा मात्र अजून उभी राहिलेली नाही.

मग अशा परीक्षेतून उतरून पाल्याचं औषध होऊ शकतं का? होऊ शकतं, झालंही आहे. अंगणातली सदाफुली कॅरिबियन बेटांत मधुमेहावर काढा म्हणून घेत. कॅनडात नोबल आणि बीअर यांनी ती उंदरांना दिली. साखर उतरली नाही, पण पांढऱ्या पेशी कमी झालेल्या त्यांनी पाहिल्या, आणि १९५८ मध्ये विनब्लास्टिन पुढे आलं. १९६३ मध्ये विनक्रिस्टिनला अमेरिकेत परवानगी मिळाली. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात ते आजही पायाचं औषध आहे. ही दोन्ही औषधं भारतात तयार करण्याची पद्धत सिप्लाने पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेबरोबर १९८४ च्या सुमारास विकसित केली. त्याच कंपनीचा पाचवा कारखाना १९९४ मध्ये आमच्या दौंड तालुक्यात, कुरकुंभला सुरू झाला. सह्याद्रीतल्या नरक्यात १९७२ मध्ये गोविंदाचारी यांना कॅम्पटोथेसिन सापडलं. ते विषारी ठरून प्रयोग थांबले, पुढे १९८५ मध्ये ते पेशीत नेमकं काय करतं हे उलगडलं, आणि १९९६ मध्ये त्याच्यापासून बनलेल्या दोन औषधांना अमेरिकेत परवानगी मिळाली. अर्कापासून औषधापर्यंत चोवीस वर्षं. मधली पायरी कुणीही गाळली नाही.

यकृताच्या कर्करोगावर आयुष्य वाढवतं असं तुलनेने सिद्ध झालेलं तोंडाने घ्यायचं पहिलं औषध २००७ साली आलं: सोराफेनिब. त्यात वनस्पती नाही. मोठ्या चाचणीत त्याने सरासरी आयुष्य ७.९ महिन्यांवरून १०.७ महिन्यांवर नेलं. महिन्याचा खर्च सुमारे २,८०,००० रुपये होता. मार्च २०१२ मध्ये भारताने आपला पहिला सक्तीचा परवाना याच औषधासाठी दिला आणि किंमत ८,८८० रुपयांवर आली. तीन महिन्यांसाठी एवढी लढाई करावी लागते, इतका हा रोग कठीण आहे. म्हणूनच ‘आमच्या काढ्याने गाठ विरघळली’ असं कुणी सांगितलं की मला राग येत नाही, भीती वाटते. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद केली. आयुष मंत्रालयाने ती मान्य केली नाही. हा वादही मोजूनच मिटेल.

भुईआवळीवरचं काम थांबावं असं मला मुळीच वाटत नाही. शिरूर-दौंडच्या माळावर अजून कितीतरी वनस्पती आहेत ज्यांच्याकडे कुणी नीट पाहिलेलं नाही. माझ्या तरुण सहकाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: नमुना जमा करा, दलं मोजा, पेशींशिवायची रांग ठेवा, निरोगी पेशींची रांग ठेवा, आणि गुण आला नाही तर तेही छापा.

आणि ज्या ब्लुमबर्ग यांनी आपल्या भुईआवळीवर विश्वास टाकून पाहिला, त्यांच्याच शोधातून एक उपाय सिद्ध झालेला आहे. तैवानने १९८४ पासून नवजात बाळांना ‘बी’ची लस दिली आणि दहा वर्षांत ६ ते १४ वयाच्या मुलांतला यकृताचा कर्करोग जवळपास निम्म्यावर आला. भारतात २०११ पासून ही लस देशभराच्या लसीकरणात आहे. घरात कुणाला जुना यकृताचा आजार असेल तर सगळ्यांची ‘एचबीएसएजी’ ही रक्ततपासणी करून घ्या. २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात तपासणी आणि उपचार मोफत आहेत. बुरशी आलेले शेंगदाणे आणि मका जनावरालाही घालू नका. कोणताही पाला, काढा, पुडी चालू असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका. घरी बाळंतपण असेल तर दवाखान्यात आठवणीने विचारा: ‘बी’च्या लसीचा पहिला डोस बाळ जन्मल्यापासून २४ तासांच्या आत द्यायचा असतो.